उद्याचे तंत्र आधी ओळखा, हिशेब करून स्वीकारा

नवीन तंत्र गावात आले की दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण पाहताक्षणी पैसे मोजून मोकळा होतो. दुसरा म्हणतो, "आधी शेजाऱ्याचे काय होते ते बघू." बहुतेक वेळा पहिल्याचे पैसे अडकतात आणि दुसऱ्याची वेळ निघून जाते. या दोघांच्या मधला एक मार्ग आहे. कोणते तंत्र येऊ घातले आहे ते दोन-तीन वर्षे आधी ओळखायचे, त्याचा कागदावर हिशेब मांडायचा, थोड्या रानात तपासायचे आणि मगच ते वाढवायचे. शेती हा व्यवसाय आहे. व्यापारी पुढच्या हंगामाची मागणी पाहून माल भरतो, तसे शेतकऱ्यानेही पुढच्या पाच वर्षांकडे पाहून आपले रान, पैसा व मनुष्यबळ लावले पाहिजे.

तीर्थपुरी व घनसावंगी तालुक्याच्या परिसरात कापूस, तूर, सोयाबीन, ऊस आणि मोसंबी ही मुख्य पिके आहेत. या प्रत्येक पिकात येत्या काही वर्षांत बदल होणार आहे. त्याची तयारी कशी करावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

पुढचे ओळखून व्यवसाय कसा उभा राहतो, याचे उदाहरण जालना शहरातच आहे. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम स्थापन झाले. १९६४ साली संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण प्रसारित झाला. संकरित वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी वापरता येत नाही, कारण त्यातून एकसारखी झाडे येत नाहीत व उत्पादन घटते. म्हणजे दरवर्षी नवे बियाणे लागणार, हे त्या वेळी स्पष्ट दिसत होते. भेंडीच्या पुसा सावनी वाणाच्या बीजोत्पादनापासून सुरुवात केलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

यातला शेतकऱ्यांच्या कामाचा भाग वेगळाच आहे. कंपनी निघाली तसे बीजोत्पादनाचे प्लॉट घेणारे शेतकरीही तयार झाले. फुलातील पुंकेसर काढणे, परागीकरण करणे, विलगीकरण अंतर पाळणे ही कामे ज्यांनी आधी शिकून घेतली, त्यांना साध्या पिकापेक्षा जास्त दर मिळाला. आज जालना व शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बीजोत्पादन होते, ते याच वाटेने. नव्या तंत्राचा फायदा ते विकणाऱ्यालाच होतो असे नाही. त्यासाठी लागणारे कौशल्य आधी मिळवणाऱ्यालाही तो होतो.

पहिल्याला नफा, शेवटच्याला नुसता खर्च

अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचा प्रसार कसा झाला, याचा अभ्यास रायन व ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी केला. तो १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दोन गावांतील २५९ शेतकऱ्यांना विचारले. १९२८ पासून १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी संकरित मका स्वीकारला होता. त्यात दोन गोष्टी आढळल्या. बियाण्याची पहिली माहिती सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरण्याच्या निर्णयावर सर्वाधिक प्रभाव शेजाऱ्यांचा पडला. दुसरे असे की, लवकर पुढे आलेल्यांनीही पहिल्या वर्षी सगळे रान नव्या बियाण्याखाली आणले नाही. त्यांनी लहान तुकड्यात पेरून पाहिले.

पुढे १९५८ साली विलार्ड कॉक्रेन या कृषी अर्थशास्त्रज्ञाने याची दुसरी बाजू मांडली. नवे तंत्र प्रथम वापरणाऱ्याचा क्विंटलमागे खर्च कमी होतो, पण बाजारभाव तोच असल्याने त्याला नफा राहतो. सगळ्यांनी ते तंत्र घेतले की उत्पादन वाढते, भाव उतरतो आणि जादा नफा संपतो. जो सर्वात उशिरा येतो त्याला उतरलेला भाव मिळतो आणि जुनाच खर्च सोसावा लागतो. घाण्याच्या बैलासारखे सारखे चालावे लागते, पण पुढे कोणीच जात नाही. म्हणून वेळेला महत्त्व आहे. मात्र लवकर म्हणजे डोळे झाकून नव्हे.

कपाशीने दिलेला इशारा

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला देशात परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत सुमारे १,६०० रुपये होती. २००६ साली ती ७५० रुपयांवर आली आणि त्याच वर्षी दोन जनुकांची बीजी-२ कपाशी आली. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हा फायदा खराच होता.

परंतु कोणत्याही तंत्राचा फायदा कायमचा नसतो. पहिल्या बीटी प्रथिनाला गुलाबी बोंडअळी प्रतिकारक झाल्याचे गुजरातमध्ये २०१० साली जाहीर झाले. २०१५ च्या हंगामात तेथे बीजी-२ कपाशीवरही या अळीने नुकसान केले. २०१७ साली तीच अळी मराठवाडा व विदर्भात मोठ्या प्रमाणावर आली आणि उभी पऱ्हाटी मोडण्याची वेळ आली. गुजरातचा इशारा आपल्याकडे पोचायला दोन वर्षे होती. त्या दोन वर्षांत फरदड बंद करणे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, कमी कालावधीचे वाण निवडणे, कामगंध सापळे लावणे व बीटीभोवती बिगर बीटी कपाशीच्या ओळी लावणे ही बिनखर्चाची किंवा अल्पखर्चाची कामे करता आली असती. फार थोड्यांनी ती केली.

यावरून एक सवय लावून घ्यावी. शेजारच्या राज्यात आपल्या पिकाचे काय चालले आहे, याची माहिती दरवर्षी घ्यावी. कीड, रोग, भाव आणि यंत्र या चारही गोष्टी बहुधा आपल्याकडे येण्याआधी दुसरीकडे दिसतात.

पाण्याचा धडा

२०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. पंधरा-वीस वर्षे जपलेली झाडे तोडून सरपणाला द्यावी लागली. त्याच जिल्ह्यातील कडवंची गावात १९९६ पासून खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाची कामे झाली होती. बांधबंदिस्तीनंतर शेतकऱ्यांनी शेततळी केली, त्यावर ठिबक बसवले आणि द्राक्षबागा उभ्या केल्या. दुष्काळाच्या वर्षी तेथील बागा तग धरून राहिल्या. तेथे वापरलेले तंत्र कोणालाच नवीन नव्हते. ते गरज पडण्यापूर्वी बसवले होते, एवढाच फरक. दुष्काळ पडल्यावर शेततळे खोदून त्या वर्षी उपयोग होत नाही.

येणारा बदल कसा ओळखावा?

प्रत्येक नवी वस्तू म्हणजे टिकणारा बदल नव्हे. काही लाटा दोन-तीन वर्षांत ओसरतात. इमू पालनाचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. २०१२ च्या सुमारास तो व्यवसाय कोसळला. २०१९ साली सांगली जिल्ह्यातून पसरलेली कडकनाथ कोंबडीपालनाची योजनाही तशीच बुडाली. दोन्हींत एकच खूण होती. पिल्ले विकणाराच अंडी व पक्षी परत विकत घेण्याची हमी देत होता. बाहेर बाजारात खाणारा गिऱ्हाईक पुरेसा नव्हता.

टिकणारा बदल ओळखण्यासाठी पुढील खुणा पाहाव्यात.

१) तो कोणत्या कायमच्या अडचणीवर उपाय आहे? मजुरांची टंचाई, पाण्याची टंचाई आणि वाढता खर्च या अडचणी कमी होणाऱ्या नाहीत. त्यांवर चालणारे तंत्र टिकण्याची शक्यता जास्त असते.

२) विकणाऱ्याशिवाय दुसरा कोणी त्याची शिफारस करतो का? विद्यापीठाची शिफारस, कृषी विज्ञान केंद्राचे प्रात्यक्षिक किंवा स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा खरेदी केलेला शेतकरी, यांपैकी एक तरी असावा. दुसऱ्यांदा खरेदी ही सर्वात भरवशाची खूण होय.

३) दुरुस्ती व सुटे भाग किती अंतरावर मिळतात? जालना किंवा अंबडला मिस्त्री नसेल तर ऐन हंगामात यंत्र उभे राहील.

४) शासनाचे धोरण कोणत्या दिशेने आहे? अनुदान ज्यावर वाढते, तिकडे यंत्रे व सेवा वाढतात. परंतु केवळ अनुदान आहे म्हणून खरेदी करू नये.

५) खरेदीदार काय मागू लागला आहे? कारखाना, जिनिंग, निर्यातदार यांच्या अटी बदलल्या की शेतातील पद्धत बदलावीच लागते.

आपल्या भागात येऊ घातलेले बदल

ऊस तोडणी यंत्र : ऊसतोड टोळ्या मिळणे वर्षागणिक कठीण होत आहे. उचल देऊनही टोळी येईलच याची खात्री राहिलेली नाही. २०२३ साली राज्यात तोडणी यंत्रासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना आली. यंत्र घेणे सर्वसाधारण शेतकऱ्याचे काम नाही, पण यंत्र आपल्या शेतात येईल अशी लागवड करणे त्याच्या हातात आहे. तीन फुटांच्या सरीत यंत्र नीट चालत नाही. लागण करतानाच साडेचार ते पाच फुटांची सरी ठेवावी, सऱ्या शक्य तितक्या लांब काढाव्यात, बांधाकडे यंत्र वळण्यास जागा सोडावी आणि शेतातील दगड वेचून घ्यावेत. रुंद सरीत सुरुवातीला हरभऱ्यासारखे आंतरपीक घेता येते. पाचटापोटी वजनात किती वजावट धरतात, हे कारखान्याच्या शेतकी विभागात आधी विचारून घ्यावे. लागण व त्यापुढील दोन खोडवे धरले तर आज ठरवलेले अंतर तीन-चार वर्षे बदलता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

सघन कपाशी लागवड : चार बाय दीड फूट अंतरावर एकरी सुमारे ७,२६० झाडे बसतात. ९० बाय १५ सेंटीमीटर अंतरावर ती सुमारे ३० हजार होतात. झाडामागे बोंडे कमी धरली तरी एकूण बोंडे वाढतात, पीक लवकर संपते आणि गुलाबी बोंडअळीला कमी काळ मिळतो. वेचणीस माणसे मिळत नसल्याने पुढे यंत्राने वेचणी होण्याच्या दृष्टीनेही एकदम फुटणारी कपाशी लागेल. ही पद्धत हलक्या ते मध्यम जमिनीसाठी व आटोपशीर वाढणाऱ्या वाणासाठी आहे. गोदाकाठच्या भारी काळ्या रानात, पसरणारा वाण घेऊन ती केल्यास झाडे दाटतील व बोंडे सडतील. बियाण्याचा खर्च वाढतो आणि वाढरोधकाची फवारणी वेळेवर करावी लागते, हेही हिशेबात धरावे. तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचे म्हणून चोरून विकले जाणारे बियाणे अनधिकृत आहे. त्याची पावती मिळत नाही, त्यामुळे उगवले नाही तर दाद मागता येत नाही. असे बियाणे घेऊ नये.

ओलावा मोजणारे सेन्सर व संगणकाचा सल्ला : बारामती येथील कृषी विकास प्रतिष्ठानाने उसामध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करून पाणी व खताचा सल्ला देण्याचे काम हाती घेतले आहे. त्यात जमिनीतील सेन्सर, हवामान केंद्र व उपग्रहाची छायाचित्रे यांचा उपयोग होतो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण मंजूर केले. म्हणजे ही दिशा टिकणारी दिसते. परंतु सेन्सर पाणी देत नाही, ते केव्हा व किती द्यावे एवढेच सांगतो. ज्यांच्याकडे ठिबक नाही, वीज रात्री येते आणि पाटपाण्याची पाळी ठरलेली आहे, त्यांना त्या सल्ल्याप्रमाणे वागताच येणार नाही. अशांनी आधी ठिबक, साठवण व माती परीक्षण यांवर खर्च करावा.

फवारणीचे ड्रोन : हे तंत्र स्वीकारावे की नाही याबद्दल सर्वात जास्त विचारणा होते. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

विकत घ्यावे की भाड्याने?

पुढील आकडे समजावून सांगण्यासाठी धरलेले आहेत. आपल्या भागातील प्रत्यक्ष दर घालून हिशेब पुन्हा करावा.

समजा ड्रोनसंचाची किंमत ८ लाख रुपये आणि आयुष्य ४ वर्षे आहे.
वार्षिक घसारा : २,००,००० रुपये
सरासरी ४ लाखांवर १० टक्के व्याज : ४०,००० रुपये
बॅटरी, विमा व दुरुस्ती : ६०,००० रुपये
एकूण वार्षिक स्थिर खर्च : ३,००,००० रुपये

फवारणीचा दर एकरी ४०० रुपये धरला आणि चालक, मदतनीस, चार्जिंग व वाहतूक यांचा खर्च एकरी २०० रुपये धरला, तर एकरी २०० रुपये उरतात. ३ लाख भागिले २०० म्हणजे १,५०० एकर. वर्षाला एवढी फवारणी झाली तरच तोटा टळतो, नफा त्यापुढे. रोज १५ एकर धरले तर पूर्ण १०० दिवस काम मिळाले पाहिजे. पाऊस, वारा व बिघाडाचे दिवस त्यातून वजा होतात.

निम्मे अनुदान मिळाले तर घसारा १ लाख व व्याज २० हजार होईल. त्यात ६० हजार मिळवता १ लाख ८० हजार होतात. तेव्हाही ९०० एकर काम लागेल.

आता १० एकर कपाशीच्या शेतकऱ्याचा विचार करू. चार फवारण्या म्हणजे ४० एकर काम आणि ४०० रुपये दराने १६ हजार रुपये खर्च. त्याने भाड्यानेच फवारणी करून घ्यावी, हे उघड आहे. मात्र शंभर-दीडशे एकर कपाशी-सोयाबीनचे सभासद असलेल्या गटाने आसपासच्या गावांचे काम मिळवले, तर विचार करण्यास हरकत नाही. महिला बचत गटांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. तिचा लाभ घेणाऱ्या गटानेही गावोगावची मागणी आधी लिहून काढावी. ड्रोन चालवण्यासाठी प्रशिक्षण व परवाना लागतो, आणि लेबलवर शिफारस असलेलीच औषधे फवारावीत.

हाच हिशेब मळणीयंत्र, रोटाव्हेटर, बीबीएफ पेरणीयंत्र किंवा ट्रॅक्टर यांनाही लागू पडतो. शिवारात अर्धा डझन ट्रॅक्टर असताना सातवा घेणाऱ्याला भाड्याचे काम मिळत नाही, हप्ता मात्र फेडावाच लागतो.

थोड्या रानात तपासणी

१) नवे तंत्र पहिल्या वर्षी एकूण क्षेत्राच्या दहाव्या भागापेक्षा जास्त क्षेत्रात घेऊ नये.

२) त्याच शेतात, तशाच जमिनीत जुन्या पद्धतीचा तेवढाच पट्टा ठेवावा. चांगल्या रानात नवे व खडकाळीवर जुने असे करून तुलना होत नाही.

३) दोन्ही पट्ट्यांचा खर्च, मजुरीचे दिवस, पाण्याच्या पाळ्या व वजन वहीत वेगवेगळे लिहावे. घरच्या माणसांची मजुरीही धरावी.

४) क्विंटलमध्ये किती वाढ झाली यापेक्षा खर्च वजा जाता एकरी किती रुपये वाढले, हे पाहावे.

५) एक वर्ष पाऊस चांगला असू शकतो. म्हणून शक्यतो दोन हंगाम पाहून क्षेत्र वाढवावे.

कर्ज काढताना घ्यावयाची काळजी

नव्या वस्तूसाठी कर्ज काढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. या वर्षी पीक निम्मे आले आणि हे तंत्र अजिबात चालले नाही, तर हप्ता कशातून भरणार? उत्तर "जमीन गहाण टाकून" किंवा "सावकाराकडून" असे असेल, तर त्या वर्षी थांबावे. उशीर झाल्याने बुडणारा नफा पुढे भरून काढता येतो. गेलेली जमीन परत मिळत नाही. घरातील सर्वांना, विशेषतः घरखर्च पाहणाऱ्या गृहिणीला, हा हिशेब आधी दाखवावा. लपवून घेतलेल्या कर्जाचा बोजा एकट्याने वाहू नये.

या वर्षी काय करावे?

• आपल्या मुख्य पिकात पाच वर्षांपूर्वीची व आजची मजुरी, पाणी व औषध यांवरील खर्च शेजारी-शेजारी लिहावा. जो खर्च सर्वात वेगाने वाढला, त्यावर उपाय करणारे तंत्र आधी शोधावे.

• परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे १८ मे रोजी खरीप व १७ सप्टेंबर रोजी रब्बी मेळावे भरतात. गावातून तीन-चार जणांनी मिळून जावे आणि परत आल्यावर पाहिलेले इतरांना सांगावे.

• खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रात्यक्षिकासाठी नाव नोंदवावे. बदनापूरच्या संशोधन केंद्रातील तुरीचे वाण व त्यांचा कालावधी पाहून आपल्या रानासाठी निवड करावी.

• २०२४ अखेरपासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांक देण्यास सुरुवात झाली. तो काढून घ्यावा. पिकाची नोंद ई-पीक पाहणीत वेळेवर करावी. योजनांचे लाभ या नोंदींशी जोडले जात आहेत.

• दहा-बारा शेतकऱ्यांचा गट करावा व प्रत्येकाने एक नवीन गोष्ट तपासावी. एकाने ऊसाची रुंद सरी, दुसऱ्याने सघन कपाशी, तिसऱ्याने मोसंबीत आच्छादन असे वाटून घेतले, तर एकाच वर्षात गटाला अनेक प्रयोगांची माहिती मिळते आणि धोका एकाच्या डोक्यावर राहत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, उद्या काय येणार हे पूर्णपणे कोणालाच सांगता येत नाही. परंतु मजूर कमी होणार, पाणी मोजून वापरावे लागणार आणि हिशेब ठेवणाराच टिकणार, एवढे आजही दिसते आहे. येत्या हंगामाची लागण करण्यापूर्वी एक वही घ्यावी, वर दिलेले प्रश्न त्यात लिहावेत आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावरच खिशात हात घालावा.